अंगठा

2025च्या दिवाळीत फराळाला बसलो असताना आत्याने विचारलंच. "तू दिवसभर घरी, एक जण जर्मनीत, एक बाई सांगलीत. मग तुम्ही सगळे मिळून काम करता म्हणजे नेमकं काय करता रे?" तोंडात चकली असल्याचं निमित्त करून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण त्याच्या जेमतेम महिनाभर आधी हाच प्रश्न मी स्वतःला विचारून झालो होतो, आणि तेव्हा तोंडात चकली नव्हती.

तर ही पोस्ट आत्यासाठी. संगणकवाल्या ब्लॉगर मंडळींनी काही ठिकाणी नाक मुरडू नये, सोपं करून लिहितोय.

आम्ही पाच जण. मी पुण्यात. एक नागपूरला, एक दापोलीला, एक जर्मनीत (बायकोच्या नोकरीमुळे तिकडे गेला, आमचं काम सोडलं नाही), आणि सांगलीला ताई. आम्ही चौघं कोड लिहितो. ताई पूर्वी एका पेढीवर हिशेब लिहायच्या, आता आमच्या गिऱ्हाइकांचे फोन घेतात. सॉफ्टवेअर म्हणाल तर साधंच: होलसेल व्यापाऱ्यांसाठी बिलं, स्टॉक, उधारी आणि जीएसटीची विवरणपत्रं. जगात काही क्रांती वगैरे होणार नाही त्याने. पण सकाळी दहाला दुकान उघडल्यावर ते चाललं नाही तर व्यापारी आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, आणि ते योग्यच आहे.

मार्च 2020 पर्यंत पुण्यात दोन खोल्यांचं ऑफिस होतं. टाळेबंदीत ते बंद पडलं ते पडलंच. भाडं वाचलं, जो तो आपापल्या गावी गेला. मी तर खूषच होतो. 2004 साली बेसकॅम्प नावाचं सॉफ्टवेअर निघालं तेव्हा कंपनी शिकागोत आणि कोड लिहिणारा डेव्हिड हायनेमायर हॅन्सन कोपनहेगनमध्ये, मध्ये सात तासांचा फरक. त्याने आणि जेसन फ्राइडने 2013 मध्ये 'रिमोट' नावाचं पुस्तकही लिहिलं. ते वाचून मी आधीच भारावलेला. टाळेबंदीने फक्त मुहूर्त काढून दिला.

आता रोजचं काम कसं चालतं ते. सकाळी दहाच्या आत प्रत्येकाने चार ओळी लिहायच्या: काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. सोमवारी पाऊण तास सगळ्यांचा एकत्र फोन. कोड गिटमध्ये. आत्या, गिट म्हणजे अशी वही की जिच्यात कोणी, कधी, कुठली ओळ बदलली ते कायमचं नोंदलं जातं. लिनक्सवाल्या लिनस टोरवाल्ड्सने ती 2005 साली बनवली; त्याच्याबरोबर काम करणारी माणसं जगभर विखुरलेली होती. एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून हो म्हटल्याशिवाय गिऱ्हाइकापर्यंत जात नाही. नागपूरकर माझा कोड वाचतो आणि दर वेळी काहीतरी खोट काढतो. सुरुवातीला राग यायचा. आता खोट काढली नाही तर काळजी वाटते.

पण वहीत नोंद आहे म्हणजे सगळं आलं असं नाही. माझे आजोबा सांगलीच्या हळदीच्या पेठेत दिवाणजी होते. त्यांच्या कीर्दीत प्रत्येक रकमेखाली 'हस्ते' आणि 'बाबत' असायचंच. पैसे कोणाच्या हातून गेले आणि कशासाठी गेले. ते म्हणायचे, रक्कम चुकली तर बेरीज सांगते, बाबत लिहायची राहिली तर सांगणारं कोणी नाही. गिटमध्ये 'हस्ते' आपोआप पडतं. 'बाबत' मात्र माणसाने लिहावी लागते, आणि आमच्यातला प्रत्येक जण तिथे 'किरकोळ दुरुस्ती' असं लिहून मोकळा व्हायचा. मीसुद्धा.

त्याचा पहिला फटका जून 2020 मध्ये बसला. 3 तारखेला निसर्ग वादळ कोकणात आलं. दापोलीकराच्या घराची कौलं उडाली, वाडीतले विजेचे खांब आडवे झाले, फोन बंद. चार दिवस तो सुखरूप आहे एवढंही कळलं नव्हतं, तेव्हा कामाचा विचार कोण करणार! पण पुढे आठवड्यांमागून आठवडे वीज नाही, आणि इकडे चलनाच्या छपाईत बिघाड झाला. तो भाग त्याने लिहिलेला. कोडमध्ये एक विचित्र ओळ होती, चलनाच्या कागदावर डावीकडे सात मिलिमीटर जागा सोडणारी. का, कोणालाच माहीत नाही. नोंद वाचली तर 'किरकोळ दुरुस्ती'. आम्ही ती ओळ काढली आणि एका गिऱ्हाइकाच्या जुन्या प्रिंटरवर पहिला आकडाच कापला जायला लागला. तेव्हापासून 'बाबत' सक्तीची. कारण लिहिलं नाही तर कोड परत.

त्यानंतर मला वाटायला लागलं की आपल्याला हे तंत्र जमलं. लिहा, सगळं लिहा, की अंतर मिटलं. असं दोन-चार ठिकाणी भाषणही ठोकलं मी. (2022 मध्ये घेतलेला एक नवा मुलगा आठ महिन्यांत सोडून गेला होता, त्याची गोष्ट मात्र भाषणात नसायची. जाताना तो म्हणाला, तुम्हा सगळ्यांना सगळं येतं असं वाटायचं, मग विचारायची लाज वाटायची. आम्हीही तासन्‌तास अडकतो, शिव्या घालतो, हे त्याला कधी ऐकूच आलं नाही. शेजारच्या टेबलावर बसला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.)

असो. मुद्द्यावर येतो.

3 सप्टेंबर 2025 च्या रात्री जीएसटी परिषदेची बैठक संपली आणि जाहीर झालं की 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे बहुतेक सगळीकडून जाणार, मुख्य दर 5 आणि 18 उरणार, आणि हे सगळं 22 सप्टेंबरपासून. म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी. आमच्या हातात एकोणीस दिवस. आमची निम्मी गिऱ्हाइकं कापड आणि चपला-बुटांची. बुटांचंच बघा: हजार रुपयांपर्यंतच्या जोडीला 12 टक्के आणि वर 18 असं होतं, ते अडीच हजारांपर्यंत 5 आणि वर 18 असं झालं. नुसता दर नाही, दराची सीमाही सरकली.

वस्तूपुढचा आकडा बदलला की झालं, असं बाहेरच्याला वाटेल. नाही. 21 तारखेला बिल केलं आणि माल 23 ला गेला तर? कायद्यात त्याचं गणित आहे. माल देणं, बिल करणं आणि पैसे मिळणं या तीनपैकी दोन गोष्टी ज्या बाजूला पडतात, त्या बाजूचा दर. जुनी बिलं पुन्हा छापली तर जुनाच दर दिसायला हवा. म्हणजे प्रत्येक दराला 'अमुक तारखेपासून' चिकटवायला हवं.

त्या दिवसांतलं आमचं काम आठवलं की आजही छाती फुगते. मी सायंकाळी जिथे सोडायचो तिथून जर्मनीवाला उचलायचा. सप्टेंबरात तो आमच्या साडेतीन तास मागे असतो, त्यामुळे रात्री बारापर्यंत कोणी ना कोणी जागं. आणि एक मोठी चूक त्याच्यामुळेच सापडली. त्याने संध्याकाळी चाचणीचं बिल केलं, आपल्याकडे तारीख उलटून गेली होती, पण बिलावर आदल्या दिवशीचा दर लागला. आमच्या सर्व्हरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर. भारतातले मध्यरात्रीचे बारा म्हणजे तिथे आदल्या दिवसाचे साडेसहा. तसंच राहिलं असतं तर 22 तारखेला पहाटे साडेपाचपर्यंत सगळी बिलं जुन्या दराने निघाली असती. भाजीमार्केटसारखी पहाटे उघडणारी दुकानं आमच्याकडे आहेत. पुण्यात बसून आम्हा कोणाला हे दिसलं नसतं, कारण आपण आपल्याच घड्याळात राहतो.

22 ची सकाळ उत्तम गेली. बिलं नीट, दर नीट. दुपारी दापोलीकराने ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. नुसता फोटो. आम्ही फोटोच खाल्ला.

गुरुवारी, 25 तारखेला, एका चपलांच्या होलसेलवाल्याचा फोन आला. त्याच्याकडे एका दुकानदाराने चाळीस जोड्या परत आणल्या होत्या, बाराशे रुपयांच्या, ऑगस्टात विकलेल्या. मूळ बिल 18 टक्क्यांचं, म्हणजे 48,000 वर कर धरून 56,640. आमच्या सॉफ्टवेअरने क्रेडिट नोट काढली 5 टक्क्यांनी, 50,400 ची. दुकानदार म्हणतो माझे 6,240 रुपये गेले कुठे? दोघांची पेठेत सगळ्यांसमोर जुंपली. पंधरा वर्षांचा व्यवहार त्यांचा.

नियम सरळ आहे: जुन्या बिलाचा माल परत आला की जुन्या बिलाचाच दर. आमच्या कोडमध्ये मात्र मालवापसी मूळ बिलाला जोडायची सक्ती नव्हती, कारण दुकानदार तीन-चार बिलांतल्या जोड्या एकाच पिशवीत भरून आणतात. बिल जोडलेलं नसेल तर वस्तूचा आजचा दर. दर बदलत नव्हता तोवर हे खपून गेलं.

मी ग्रुपवर लिहिलं, 'हे कोणाच्याच लक्षात कसं आलं नाही?'

ताईंचं उत्तर आलं. 'मी 12 तारखेला विचारलं होतं.'

वर सरकवत गेलो. खरंच होतं. शुक्रवार 12 सप्टेंबर, दुपारी पावणेदोन: '22 नंतर जुन्या बिलाचा माल परत आला तर कुठला दर लागेल? नवरात्रात परतीचा माल येतो.' दोन ओळी. आणि त्याखाली एक अंगठा. माझा.

काय झालं होतं, ते मग एकेकाशी बोलून कळलं. मी अंगठा दिला तो 'वाचलं, चांगला प्रश्न आहे, बघू' अशा अर्थाने. जेवताना दिला होता बहुतेक. ताईंनी तो घेतला 'केलंय, काळजी नको' असा. जर्मनीवाल्याने पाहिला आणि त्याला वाटलं मी ते नागपूरकराला सांगितलंय. नागपूरकराने पाहिलाच नाही, कारण (हे त्याने फार अवघडून सांगितलं) ताईंचे संदेश गिऱ्हाइकांच्या तक्रारींचे असतात म्हणून तो त्या आठवड्यात ते वाचतच नव्हता.

आपल्या भाषेत अंगठ्याला किती अर्थ आहेत बघा. आजोबांच्या काळी सही न येणारा माणूस कर्जाच्या कागदावर अंगठा उठवायचा, आणि त्या कागदात काय लिहिलंय हे त्याला ठाऊक नसायचं. आणि अंगठा दाखवणं म्हणजे ऐन वेळी तोंडाला पानं पुसणं. माझ्या त्या एका पिवळ्या अंगठ्यात हे दोन्ही अर्थ बरोबर बसले. न वाचता उठवलेला आणि शेवटी दाखवलेला.

अकरा गिऱ्हाइकांच्या एकतीस क्रेडिट नोटा चुकल्या होत्या. सप्टेंबरची विवरणपत्रं भरायला 11 ऑक्टोबरपर्यंत अवकाश होता म्हणून बहुतेक दुरुस्त करता आल्या. दोन ई-इन्व्हॉइसमधून गेलेल्या, त्या चोवीस तासांच्या आतच रद्द करता येतात आणि ती वेळ टळून गेलेली. त्या त्यांच्या सीएंना विचारून निस्तराव्या लागल्या. कोडची दुरुस्ती एका रात्रीत झाली. पण त्या अकरा जणांना फोन कोणी केले? ताईंनी. ज्या बाईंनी आधी विचारलं होतं, त्यांनीच शिव्या खाल्ल्या. आणि शुक्रवारी रात्री त्यांचा मला निरोप: दिवाळीनंतर दुसरं माणूस बघा.

शनिवारी पहाटेची गाडी पकडून सांगलीला गेलो. माफी मागायचं भाषण वाटेत पाठ केलं होतं. ताईंनी चहा दिला, भडंग दिलं, आणि म्हणाल्या, "भाषण राहू द्या. इथं बसा आणि ऐका." फोन स्पीकरवर टाकला. दिवसभर बसलो. तेवीस फोन. एक व्यापारी हळू बोलत होता कारण शेजारी त्याचे वडील बसले होते आणि चूक त्यांच्या हातून झाली होती. एकीला कळत नव्हतं की बटण दाबलं गेलं की नाही, कारण आम्ही तिथे काही दाखवतच नाही. ताई प्रत्येकाचं बोलणं वहीत लिहून घेत होत्या. साधी शंभर पानी वही. मागची पानं चाळली तर पाच वर्षांत आमच्याकडून झालेल्या जवळपास प्रत्येक घोटाळ्याची चाहूल तिथे आधी लागलेली. तारखेनिशी. 'हस्ते' आणि 'बाबत' दोन्ही.

संध्याकाळी त्या म्हणाल्या, "पुण्यातल्या ऑफिसात माझं टेबल कुठं होतं आठवतंय?"

आठवत होतं. बाहेरच्या खोलीत, दाराजवळ. सुरुवातीची दोन वर्षं त्या पुण्यात भावाकडे राहून यायच्या. आत आम्ही चौघं, एसीत, फळ्यावर आकृत्या काढत. त्या आत यायच्या तेव्हा दारावर टकटक करून यायच्या. आम्ही "पाच मिनिटं हां ताई" म्हणायचो.

गाडीत परतताना हेच डोक्यात घोळत होतं. कारण तोपर्यंत मी घटनेचा अर्थ लावून मोकळा झालो होतो: एकत्र बसत नाही म्हणून असं झालं, ऑफिस परत सुरू करायला हवं. आजकाल मोठमोठ्या कंपन्याही माणसांना ऑफिसात परत बोलावतायत, तेव्हा मला आधारही भरपूर मिळाला असता. पण त्या दोन खोल्यांत दहा फुटांवर बसूनही आम्ही ताईंचं ऐकत नव्हतो. सांगली-पुणे अंतर अडीचशे किलोमीटर असेल नसेल, आमचं अंतर त्या आधीचं होतं. ऑफिस सोडताना टेबलं विकली, पंखे विकले, आणि ती मधली भिंत मात्र जपून उचलून ग्रुपवर आणून उभी केली. कोड लिहिणाऱ्याचा प्रश्न म्हणजे काम, फोन घेणाऱ्याचा प्रश्न म्हणजे कटकट.

माझं आताचं मत असं, आणि ते कोणाला पटो न पटो. लहान चमूने दुरून काम करावं की नाही यावर लोक तावातावाने वाद घालतात, त्यात व्हिडिओ कॉल किती, कुठलं ॲप, किती वाजता हजेरी, यावरच सगळा दम जातो. आम्हीही तेच केलं. गिऱ्हाइकाचा आवाज रोज ज्याच्या कानात पडतो त्या माणसाचं वाक्य कामाच्या यादीत कुठे जाऊन पडतं, हे कोणी विचारत नाही. धंद्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तर हे जास्तच, कारण आम्हा कोड लिहिणाऱ्यांपैकी एकानेही आयुष्यात चपलेची एक जोडी विकलेली नाही.

आम्ही काय बदललं? थोडंच. कामाच्या निरोपांवर अंगठा बंद. 'वाचलं' असेल तर 'वाचलं' लिहायचं, 'करतो' असेल तर 'करतो, अमुक तारखेपर्यंत'. नागपूरकर पहिल्या आठवड्यात वैतागला, शाळेत आल्यासारखं वाटतं म्हणाला. आणि ताईंचा प्रश्न आता ग्रुपवर जात नाही, थेट आमच्या कामांच्या यादीत जातो, कोडच्या कामांशेजारी. तो बंद करायचा अधिकार फक्त ताईंना. आम्ही 'झालं' म्हटलं तरी त्या म्हणेपर्यंत झालेलं नसतं. शिवाय दर महिन्याला एकाने दोन दिवस सांगलीला जाऊन फोनशेजारी बसायचं. जर्मनीवाला सुट्टीवर आला तेव्हा तोही बसला, आणि तिसऱ्याच फोनला त्याने कोरा कागद मागून घेतला.

ताई थांबल्या. कायमच्या का, ते मी विचारलेलं नाही. त्यांनी अट घातली की वर्षभर बघेन. त्यांची बाजू घेऊन सांगतो, अट रास्त आहे. त्या पेठेतल्या दोघांचा व्यवहार पुन्हा सुरू झाल्याचं त्यांनीच कळवलं, आम्ही फरकाची रक्कम नीट बसवून दिल्यावर. पण पूर्वीसारखं नाही म्हणे. आता दुकानदार क्रेडिट नोट कॅल्क्युलेटरवर तपासून घेतो.

यादीत ताईंच्या नावावर आज सात प्रश्न उघडे आहेत. सगळ्यात ताजा परवाचा: परत आलेल्या जोडीत दोन्ही बूट डाव्या पायाचे निघाले तर स्टॉकमध्ये किती जोड्या धरायच्या? नागपूरकराने त्याखाली लिहिलंय, 'वाचलं. विचार करतोय. शुक्रवारपर्यंत सांगतो.'